पट्ट्यावरची रेघ

आबा,

रविवारी विंझरला एक जुनी गाडी बघायला गेले होते, आणि तिथून आल्यापासून मला तुमचा संशय येतो आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्यावर संशय घेऊन काय मिळणार, असं कुणीही म्हणेल. पण मला संशय घ्यायला शिकवलं कुणी? भोर ते हिर्डोशी जीप चालवणारे तुम्ही, आणि खोऱ्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी तुमच्या दारात यायचा. मीही हट्टानं मागे यायची. सांगितलेल्या वेळेला तुम्ही कधी गेला नाहीत, तास-दीड तास आधीच जायचात. पहिला तळहात बॉनेटवर. ते कोमट लागलं की समजायचं, विकणाऱ्यानं आधीच सुरू करून ठेवली आहे, म्हणजे गार गाडीची खोड दिसायला नको. खाली नवीन मॅट दिसली की ती उचलायची. आणि चहा. ज्याची गाडी नापसंत, त्याच्या घरचा चहा तुम्ही घ्यायचा नाहीत. "च्या प्यालं की त्याच्या गाडीला वंगाळ बोलवत न्हाई," असं तुम्ही म्हणायचात. घेणारा माणूस तुमच्या तोंडाकडे बघायचाच नाही, कपाकडे बघायचा. तुम्ही बशीत चहा ओतलात की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

तुम्ही न बघितलेली तुमची नात, माझी लेक, आता पुण्याला नोकरी करते, रोज भोरहून जाऊन येऊन. तिला गाडी हवी आहे, आणि तीही साधी नको, हॉट हॅच हवी. म्हणजे दिसायला नेहमीची, मागची डिकी कापल्यासारखी छोटी गाडी, पण आत इंजिन असं की मोठ्या गाड्यांनी बाजूला व्हावं. नवी परवडत नाही म्हणून वापरलेली. गेले काही महिने जेवताना सुद्धा हीच तुलना चालू आहे. एकीचं इंजिन जोरदार पण पोट इतकं खाली की प्रत्येक गतिरोधकाला घासणार, आणि सुटे भाग मागवले की वाट बघत बसायचं. दुसरी जरा मवाळ, पण खड्डे सोसते आणि भोरचा मिस्त्री तिला हात लावू शकतो. असल्या गाडीचं तेल वेळेवरच बदलायचं, जोरात पळवून आणली तर लगेच बंद करायची नाही, टर्बो गार होईपर्यंत उभी चालू ठेवायची. मी म्हटलं, गाडी आहे का बाळंतीण? ती हसली नाही. तिला यातलं कळतं, आबा. पुण्यातली एक लाल गाडी तिनंच मोडीत काढली. मीटर सांगत होता फार पळालेली नाही आणि पायाखालच्या पॅडलांचं रबर पार गुळगुळीत झालेलं. मला बरं वाटलं, रक्तातलं आहे म्हणून.

विंझरची गाडी करड्या रंगाची. मालक भातशेती करणारा तरुण माणूस, आधी पुण्यात कंपनीच्या गाडीवर होता. आम्ही स्कूटीवरून वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो तेव्हा तो गोठ्यात वैरण टाकत होता. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गार. मग विचारलं, एवढी चांगली आहे तर विकताय कशाला?

"जुळी पोरं झाली ओ. आय, बायकू आन दोन पोरं मागं मावंनात," तो म्हणाला. "आन पासलीला मेव्हण्याकडं जायाचं म्हनलं की पोटाला दगूड लागतोय. हिला निस्ती पळायची हौस."

उत्तर सरळ होतं, म्हणून मला जास्तच संशय आला. मी मॅट उचलल्या, स्टेपनीच्या खळग्यात नाक घातलं, दारांची रबरं ओढून पाहिली. सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या त्या शेवटच्या वितीत गाळाची रेघ राहते, तिथं कुणाचा हात पोचत नाही. पट्टा स्वच्छ होता. गाडी गार असताना सुरू केली, धूर नाही. चारी बाजूंनी काही सापडेना, आणि मी गाडीभोवती फिरतेच आहे, पोत्यातला किडका दाणा शोधावा तशी.

मग लेक चालवायला बसली आणि मी शेजारी. विंझर मागे पडतं, समोर तोरणा, आणि वेल्ह्याकडचा रस्ता थोडा सरळ होतो. तिथं ती गिअर खाली घेते आणि पाय दाबते. माझी पाठ सीटला चिकटली. आणि ती हसली. घरात कधी ऐकलं नव्हतं असं हसू. माझ्याकडे बघून नव्हे, कुणाकडेच बघून नव्हे. मी घाबरले, आबा. वेगाला घाबरले असते तर ओरडले असते. मला एकदम दिसलं की ही आता आमच्याकडे परत यायची ती फक्त झोपायला.

परत आल्यावर मालकाच्या आईनं चहा दिला. आलं घातलेला, चांगला होता. मी सगळा प्याले.

चेलाडीला आम्ही थांबलो तेव्हा तिनं हेल्मेट काढलं आणि विचारलं, "बोल ना, कशी वाटली?"

मी म्हटलं, "पाण्यातली आहे. पट्ट्याच्या शेवटाला रेघ होती."

"मला नाही दिसली."

"तुझं लक्ष इंजिनात होतं."

तिनं एकदा हायवेवरच्या गाड्यांकडे बघितलं. "तू म्हणतेस तर राहू दे," म्हणाली आणि हेल्मेट घातलं. वाद नाही, रुसवा नाही. माझ्यावर तिचा इतका विश्वास आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि ते कळायला ही वेळ यावी याची मला लाज वाटते.

घरी येऊन भाजी निवडताना मला भोरच्या त्या बाई आठवल्या. शाळेत शिकवायच्या, बदली झाली म्हणून मोपेड विकत होत्या. मला भोरला दवाखान्यात काम लागलं होतं आणि हिर्डोशीची एसटी आली तर आली. मोपेड मिळाली की सगळा प्रश्न सुटणार होता. तुम्ही ती तपासता आहात, वाकून, डोळा बारीक करून. मग मला म्हणता, "जा, मैदानात एक चक्कर मार." मी मारून येते. मग आपण ओसरीवर बसतो, बाई चहा आणतात, आणि तुम्ही बशीत ओतता. मला आनंदानं काही सुचत नाही. बाहेर पडल्यावर तुम्ही म्हणता, "चेसिस वाकलीया. घाटात दगा दिल. न्हाई घ्यायाची."

तुम्ही म्हणालात म्हणजे वाकलेलीच असणार. चहाचं कोडं मी माझ्यापुरतं सोडवलं होतं: बाई शिकलेल्या, मोठ्या, त्यांच्या घरी तुम्हाला नाही म्हणवलं नसेल. दवाखान्यातलं काम एसटीच्या पायी सुटलं, पुढं लग्न झालं. संसार वाईट झाला नाही, त्याची तक्रार नाही. पण इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की माझ्या आबांनी मला एका वाकड्या गाडीपासून वाचवलं. आता मला ते सांगवत नाही. चेसिस खरंच वाकली होती का, आबा? मी मैदानात चक्कर मारत होते तेव्हा तुम्ही फाटकापाशी उभे होतात. तुम्ही काय पाहिलंत? माझं तोंड मला आठवत नाही. मी हसले होते का?

तुम्ही असता तर हिर्डोशीला येऊन समोर बसून विचारलं असतं. तुम्ही पान जमवत म्हणाला असतात, "वाकलीच व्हती," आणि मी तुमचं खरं धरून परतले असते. म्हणून हे कागदावरच ठीक आहे. हा कागद कुठं पाठवायचा नाही.

आज सकाळी मी विंझरला फोन केला. गाडी आहे का, विचारलं. "हाय की," तो म्हणाला. "तुमच्या पोरीला लई आवडली व्हती, तिच्या त्वांडावर दिसलं. म्हनून दुसऱ्याला दावली न्हाई अजून." मी बरं म्हणून फोन ठेवला. ती आत बसून आणखी कुठल्या गाडीचे फोटो मोठे करून बघते आहे. आत्ताच हाक मारली, "आई, ये ना इकडं, हिच्यात काय खोट आहे ते तूच सांग."

जाते. फोन केला तो तिला खरं सांगायचं ठरवून केला, असं मी इथं लिहिणार होते. पण तसं नव्हतं. गाडी विकली गेली असेल, आणि मग कुणालाच काही सांगावं लागणार नाही, अशा आशेनं मी तो फोन केला होता.