वस्तऱ्याची पाठ

अहो,

वाटीत साबणाचा फेस अजून तसाच आहे. निलेश आत्ताच तोंड धुऊन खाली उतरला आणि मी हात पुसून तुम्हाला लिहायला बसले. वस्तऱ्याला धार आली हो! पण नुसतं तेवढं सांगायला लिहीत नाही. आज दुपारी या धारेपायी एक गोष्ट कळली आणि ती सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?

मामंजी गिरणीत होते तेव्हापासूनचा हा वस्तरा. आपल्या काळाचौकीच्या चाळीतले बाकीचे पुरुष सलूनमध्ये जाऊन पेपर वाचत बसायचे. तुम्ही मात्र गॅलरीतल्या खिळ्याला आरसा टांगून स्वतःची दाढी स्वतः करायचात. रविवारी सकाळी पातेल्यात धार लावायचा दगड भिजत पडायचा आणि चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला लटकायचा. मला त्याच्या आसपासही फिरकू द्यायचा नाहीत. "हात लावू नको हां, लागात तुका!" जसं काही मी विळीवर मासे कापतच नव्हते!

मग तो झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा तोंडावर दाढीचं जंगल माजलं होतं. खालच्या सलूनवाल्याला वर बोलावलं, तर तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. निलेशने प्लास्टिकचं रेझर आणलं, तेही ढकलून दिलंत. डावा हात सारखा कपाटाकडे. काय तो हट्ट! इथे माणूस मरता मरता वाचलाय आणि त्याला वस्तरा हवाय. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

शेवटी मीच काढला. तुमच्या खाटेला लागून स्टूल ठेवलं, त्यावर दगड. दगडावर धार पुढे न्यायची आणि पट्ट्यावर पाठ पुढे, हे मला कोण सांगणार? मी दगडासारखाच पट्ट्यावरही रेटला आणि मामंजींच्या वेळचा पट्टा कापून ठेवला! मला वाटलं, आता तुम्ही डोळे वटारणार. तुम्ही हसलात. अर्ध्याच तोंडाने, लाळ गळत, पण हसलात. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

माझी खोड एकच होती, मनगट वर जायचं. वस्तरा दगडावर आडवा पडला पाहिजे, धार आणि पाठ दोन्ही टेकून. माझ्या हाताने पाठ सुटायची आणि नुसती धार खरवडली जायची. तुम्ही डोळे मिटून ऐकत पडायचात. पाठ उचलली की आवाज बदलतो, तो तुम्हाला बरोबर कळायचा. लगेच डाव्या हाताचं बोट खाटेच्या लोखंडी दांडीवर, टक्! की मी हात आडवा पाडायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात माझं इतकं लक्ष देऊन तुम्ही कधी ऐकलं होतंत का? मला ते आवडायला लागलं होतं, खरंच सांगते.

दाढी करतानाही तेच. तुम्ही खाटेवर उशीला टेकलेले, मी कडेला. हात चुकला की टक्. हळूहळू टक् कमी झालं. निलेश म्हणायचा, "आई, बाबा एकदम हिरो दिसतायत, खाली दुकान टाक आता." तेव्हा तुम्ही गाल पुढे करून त्याला हात लावून बघायला लावायचात.

पण ते दिवस काही टिकले नाहीत. कमरेला जखमा झाल्या. रोज ड्रेसिंग, रोज तुमचं ते विव्हळणं. घास भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटून घ्यायचात. एकदा डाव्या हाताने तो मेलेला उजवा हात उचललात, दोन्ही जोडलेत आणि माझ्याकडे बघत राहिलात. मला काही कळलंच नाही असं दाखवून मी भांडी घासायला उठले. कळलं होतं. देवाशपथ कळलं होतं.

त्याच आठवड्यात गिरगावातून, फणसवाडीतून, निलेशच्या होणाऱ्या सासरची माणसं यायची होती. तुम्ही जरा बरे दिसावे म्हणून निलेशने उचलून तुम्हाला खिडकीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि तो पेढे आणायला गेला. मी दाढी केली. मग म्हटलं, पाहुणे यायचेत, गळ्यावर एकदा उलटा हात मारावा, अगदी गुळगुळीत होईल. उलटा हात मी त्याआधी कधी मारला नव्हता. वस्तरा गळ्यावर टेकवला, वर ओढायला लागले आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. धरलंत आणि गळ्यावर दाबलंत. डोळे पाण्याने भरलेले.

मी हात हिसकावून घेतला, अर्धा फेस तसाच पुसला आणि म्हटलं, "पुरे, छान झाली." पाहुण्यांसमोर काय बोलले, चहा कुणी केला, काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपलेले असताना मी वस्तरा मोरीत नेला आणि त्याची धार मोरीच्या दगडावर घासून घासून घालवली. तुमच्या हाती लागला असता तर? किंवा मीच एखाद्या दिवशी तुमचे हाल बघवेनात म्हणून तुमचं ऐकलं असतं तर? ही दुसरी भीती मोठी होती. निलेशला एका शब्दाने बोलले नाही. असं कसं सांगणार मुलाला?

त्यानंतर दाढी त्याच बोथट वस्तऱ्याने करत राहिले, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. पण तुम्हाला फसवणं शक्य होतं का? पहिल्याच ओढीला तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. मी दगडावर नाटक करत बसायचे, मुद्दाम पाठ उचलून, आणि खाटेवरून आवाज यायचा नाही. तुम्ही दांडी ठोकणंच सोडून दिलंत.

थंडीत छातीत कफ भरला आणि तुम्ही गेलात. बाहेरच्या खोलीत तुम्हाला ठेवलं होतं. हनुवटीवर, गळ्यावर ओरखडे, खपल्या, मध्येच राहिलेले खुंट. शेजारच्या राणेबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "दाढी कोणी केली गो यांची? किती टापटीप असायचे." मी पदर तोंडात धरला. त्यांना वाटलं रडतेय.

आता परवा निलेश म्हणाला, "आई, आजोबांचा वस्तरा मला दे. बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यानेच दाढी करतो." धार बघून हबकला. मोबाईलवर व्हिडिओ लावून लावून त्याने माहिती काढली, मला दाखवली. पण दगड मी त्याला दिला नाही. मी खराब केला, मीच करणार. स्टूल पुन्हा खाटेला लावलं. खाट अजून तिथेच आहे, मला काढवत नाही. घासत राहिले. आणि काय सांगू, या वेळी तो आवाज मला ऐकू आला. पाठ उचलली की कोरडा, खरखरीत होतो. इतका सरळ आहे हो! मनगटावरचे केस आज अलगद उतरले.

"पहिली तू कर, मला भीती वाटते," असं म्हणून निलेश त्याच खुर्चीत बसला. गाल छान झाले. गळ्यावर आले, त्याने सांगितलं म्हणून उलटा हात मारला आणि त्याने माझं मनगट धरलं. धरलं आणि गळ्यावर दाबलं. डोळ्यांत पाणी.

"आई गं! पाठ उचललीस ना! आडवा पाड हात, केस उपटतायत!"

तो विचारतोय, "काय झालं? ए आई, लागलं नाही मला." आणि मी त्या खुर्चीकडे बघतेय. प्लास्टिकची खुर्ची. तिला दांडी कुठे आहे? त्या दिवशी तुम्ही खाटेवर नव्हता. ठोकणार कशावर होता तुम्ही?

एवढंच सांगत होता का? हात पाड, एवढंच?

जोडलेले हातही खरे होते, ते मी विसरले नाही. म्हणून अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण समजा एवढंच होतं, तर त्यानंतर तुमच्या मनात काय आलं असेल? बायको कंटाळली, आता नीट दाढीसुद्धा करत नाही, असंच ना? तसंच समजून गेलात? आणि एकदा तरी पुन्हा माझा हात धरायचा होतात! एवढे कसले मानी? मरेपर्यंत तोंड सोलून घेतलंत, पण पुन्हा एक टक् केलं नाहीत.

तुम्हाला बोलता येत नव्हतं. मला तर येत होतं. "काय हवंय हो तुम्हाला? हात पाडू?" असं विचारलं असतं, तर खुर्चीत बसल्या बसल्या मान हलवली असतीत. मी विचारलं नाही, कारण मला उत्तराची भीती वाटत होती.

वस्तरा आता बोथट होऊ देणार नाही. रविवारी दगड भिजवीन, खाटेशी बसून धार लावीन, आणि पाठ उचलली गेली तर दांडी मीच ठोकीन. आणि यापुढे कुणी माझा हात धरला, तर तो आधी सोडवून घेणार नाही. आधी विचारीन.

तुमची,
सुलभा