शेंदराची पुटं

१२ नोव्हेंबर २००६, रविवार
आज गिरणीच्या क्वार्टरात सामान लागलं एकदाचं. आर्णीच्या बाहेर आहे, पण दोन खोल्या, पुढे पडवी, तुळशीला जागा. आणि न्हाणीत नळ सोडला की कढत पाणी! सरकीचं तेल काढतात त्या बॉयलरचा एक पाइप आमच्या भिंतीतून फिरवलाय. नेरला बंबात गोवऱ्या कोंबून माझे डोळे जायची वेळ आली होती. लेक गौरी तर सकाळ-संध्याकाळ न्हाली. मी रागावलेच, फुकट आहे म्हणून कातडी सोलून घेशील का गं?
पतसंस्था बुडाल्यापासून हे घरी बसून होते. आज शिपायानं मॅनेजरसाहेब म्हटलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघावा. यंदा कापसाला भाव नाही, निम्म्या जिनिंगांना कुलूप, आणि आमची गिरणी चालू. महाराजांची कृपा, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर, मंगळवार
भट्टीवाला हिरासिंग आणि त्याची बायको धनीबाई यांनी बॉयलर दाखवला. वर एक आडवी लोखंडी दांडी, तिच्या टोकाला नारळाएवढा गोळा, सगळा शेंदरी. ह्याला शिट्टीबाबा म्हणतात. हिरासिंग म्हणे, बाई, पानी तापलं का फुगते, वाफ कोंडते. लई कोंडली का देव दांडी उचलते, शिट्टी मारते अन् वाफ सोडून देते. देव बोलला का समजा सारे जित्ते.
मंगळवारी-शनिवारी भट्टी पेटायच्या आधी देवाला शेंदूर लावायचा तो मॅनेजरच्या घरच्या बाईनंच. पुटं जड झाली की देव खोळ टाकतो म्हणे. खोळीला तडा दिसला की ती सोलून काढायची, आणि त्या दिवशी भट्टी थंड ठेवायची.
आधीचे मॅनेजर सदाशिवराव, त्यांची कौसल्याबाई हे सगळं करायची. ती आता कुठं असते विचारलं तर धनीबाई म्हणाली, माहेरी, आणि टोपलं उचलून चालू लागली.
शेंदूर मी सरकीच्याच तेलात कालवला. खोबरेल कशाला नासायचं?

२५ नोव्हेंबर, शनिवार
देव रोज बोलतो. शिट्टी झाली की मी हातातलं काम ठेवून हात जोडते. गौरी चिडवते, आई, कुकरलाही नमस्कार कर.
जेवताना ह्यांनी सांगितलं. मालकानं बजावलंय, एक दिवस जरी भट्टी थंड झाली तर दुसरा मॅनेजर बघतो.

५ डिसेंबर, मंगळवार
शिडीवर चढले तर दांडीच्या सांध्यापाशी खोळीला तडा. नखाएवढाच. कोणी पाहिला नव्हता.
सांगितलं असतं तर भट्टी थंड. मग पुन्हा नेर, पुन्हा दिराच्या दारात ताट मांडून बसणं. मी शेंदूर घट्ट कालवला आणि तडा बुजवला. सांध्यातही नीट दाबला. देवा, पोटात घाल, म्हटलं.
बुजवताना बोट आत गेलं. भट्टी पेटायची होती, लोखंड गार असायला हवं. आत ऊन लागलं. आणि मऊ.

८ डिसेंबर, शुक्रवार
मंगळवारपासून शिट्टी नाही.
आज वाफेच्या दाबाचा काटा लालच्या पुढे गेला म्हणून हिरासिंगानं घाईनं एक सांधा सैल केला. वाफेचा झोत थेट हातावर. कातडी हातमोज्यासारखी निघून मनगटाशी गोळा झाली, आतलं सगळं पांढरं. त्याला यवतमाळला नेलं. जीपमध्ये घालेपर्यंत एकच सांगत होता, देव मुका झाला बाई, देव मुका झाला.
हे म्हणाले, दारू प्यालेला असेल. तो थेंबाला शिवत नाही, मला माहीत आहे.

१२ डिसेंबर, मंगळवार
तडा पुन्हा. बोट जाईल एवढा. आत हिरव्या काचेचा तुकडा, बांगडीचा. त्याच्या पलीकडे एक नख.
मालक शनिवारी येणार आहे. शनिवारनंतर सांगेन, तोवर निभावू दे, म्हणत मी बुजवू लागले. आतून कशानं तरी माझं बोट धरलं. ओढून घेतलं तेव्हा माझं नख आतच राहिलं. रक्त शेंदरात मिसळलं. रंग काही वेगळा दिसला नाही.

१४ डिसेंबर
गौरी न्हाणीत किंचाळली. नळ बंद होता तरी फुटल्यासारखा उडाला. पाठ भाजली. फोड आलेत — पाच, लांबट, मधे तळव्याची जागा कोरी.
धनीबाई कोरफड घेऊन आली. फोड बघून कोरफड खाली ठेवली. मग बोलली. कौसल्याबाईनंही तडा बुजवला होता. नवऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून. बॉयलर फुटला तेव्हा ती वरच होती. रस्त्यापलीकडच्या बाभळींवरून तिला गोळा करून आणलं. एक हात तेवढा गोळ्याला घट्ट धरून राहिला, कोणाकडून सुटेना. त्यावरच शेंदूर चढवला अन् नव्या बॉयलरवर तोच गोळा बसवला.
काहून नाही सांगितलं, म्हटलं मी. ती म्हणे, सांगतलं असतं त तुम्ही आल्या असत्या का बाई?

१६ डिसेंबर, शनिवार
गौरीला सकाळच्या बसनं नेरला धाडलं. ती तरी —
ह्यांना सगळं सांगितलं. हात दाखवला. पाया पडले. हे म्हणाले, आज नको, मालक आलाय. भट्टी गच्च भरायला लावली. हातोडा घेऊन शिडीपर्यंत गेले मी. दोघा गड्यांनी धरून घरी आणलं. ह्यांनी स्वतः बाहेरून कडी घातली. डोकं थंड होऊ दे शीला, म्हणाले.
कोणी दार उघडत नाही. लिहिते आहे.

भिंत ऊन झाली. पाइप फुगलाय. खरंच फुगलाय, चुना पडतोय —

पाइपाच्या आतून ती ठोकते आहे. माझ्या ठोक्याला उत्तर देते —

खिडकीतून दिसतंय, धनीबाई ओरडत पळाली. माणसं पळताहेत. हे दिसत नाहीत. शिडीवर कोणीतरी चढलंय — पांढरा सदरा — हेच —

शिट्टी!
शिट्टी वाजली. देव बोलला. वाचले माझे —

थांबत नाही.

शिट्टी नाही ही. हे ओरडताहेत. शीला, सोड, शीला, माझा हात सोड —
मी तर इथं —