मोडायची राहिलेली रड

३ फेब्रुवारी, लातूर

मुखेडहून यष्टीनं सुखरूप पोचले. मी बोलते आन् नात पुनम लिहून राहिलीय. मला अक्षर येत न्हाई, तिला भाकर येत न्हाई, फिटंफाट. घर झकास हाय, गच्चीवर ऊन लई. नातजावई प्रीतम शिनेमात कामं करतो. सध्या खुनाच्या पिच्चरमधी त्याला मढ्याचं काम मिळालंय. म्हणलं, बरंय बाबा, पाठ करायची कटकट न्हाई. खो खो हसला. गुणी लेकरू हाय, आल्या आल्या माझ्या पायाला तेल चोळून दिलं.

६ फेब्रुवारी

प्रीतमसंगं शूटिंग बघायला गेले, किल्लारीच्या रस्त्याला एका शेतात. हिरो फौजदार झालाय, दिवसभर गॉगल पुसतो. खुनी कोण ते मी चहा यायच्या आत सांगितलं, तर डायरेक्टरचं तोंड उतरलं. मढ्याची आई म्हणून आणलेली बाई नुसती नाक ओढत होती. मी म्हणलं, सर्दी झाली काय हिला? मग त्यानं मलाच बसवलं.

पिच्चरमधी मढ्याचं नाव रविकिरण. पण हेल काढून रडायचं तर परक्या नावाला गळा सुटत न्हाई. मी प्रीतमचंच नाव घेतलं. कॅमेरावालाबी डोळे पुसू लागला. डायरेक्टर म्हणला, नावाचं नंतर बघू, पण पिच्चर आज उभा राहिला. तसाच हाताला धरून मला शाल घालायला घेऊन गेला.

९ फेब्रुवारी

एक काम राहून गेलं. आमच्याकडं कुणाच्या डोक्याला कावळा शिवला, की मरणाचा अपशकुन म्हणून पावण्यांत तो मेल्याचा खोटा निरोप धाडतात. बाया रडतात, म्हणजे इडापिडा टळते. पण तो माणूस लगेच समोर आणतात, बाया त्याला शिव्या देऊन हसतात, तवा रड मोडते. माझी रड मोडलीच न्हाई. शाल घेत बसले मी.

प्रीतम त्या दिवसापासून जेवला न्हाई. भूक न्हाई म्हणतो.

१२ फेब्रुवारी

डायरेक्टरनं चार लोकांना बोलावून झाला तेवढा पिच्चर दाखवला. हिरोचं कुणी नाव काढलं न्हाई, सगळे म्हातारीलाच वानून राहिले. पडद्यावर प्रीतम निजलेला. शेजारी खुर्चीवर तसाच. हात गार.

घरी आलो, तर खालची शांतम्मा पिठलं-भाकर झाकून घेऊन आलेली, मयताच्या घरी आणतात तशी. पुनमनं विचारलं, कशापायी आणलं? तिला सांगता येईना. म्हणली, आणावं वाटलं बघा.

आम्ही जेवलो. मीठ बरोबर होतं.

१४ फेब्रुवारी

त्याच्या तोंडावर माशा बसतात. हाकलत न्हाई. डॉक्टरला नाडी लवकर सापडेना, मग सापडली म्हणला. ताकदीच्या गोळ्या दिल्या.

मला भ्या वाटाया पाहिजे. वाटत न्हाई. पायाला मुंग्या येतात तसं आतून झालंय.

१५ फेब्रुवारी

त्याला समोर बसवलं. म्हणलं, मुडद्या, जित्ता हायस की रं! शिव्या सगळ्या आठवल्या. हसू —

न्हाई आलं.

१६ फेब्रुवारी

डायरेक्टरचा फोन. शेवटाला आणखी रड पाहिजे म्हणे. न्हाई म्हणलं.

प्रीतम ऐकत होता. म्हणला, आज्जी, अर्धंच रडलात तुम्ही. असं अधी-मधी ठेवू नका मला —

पुनमनं पुढचं लिहिलं न्हाई.

१७ फेब्रुवारी

सकाळ. चांगलं ऊन. खाटेवर सरळ निजलाय. डोळे उघडे —

पुनम म्हणते, हसा ना आज्जी, एकदा हसा. हसते. एका हातानं लिही, एका हातानं त्याला धर. लिही, आज्जी हसली. तोंड उघडलं मी, हसून राहिले, बघ —

अरं माझ्या प्रीतमा, कुठं निघालास रं —

न्हाई. हे मी न्हाई. खोड ते. पुनम, तू लिहू नको, त्याचा हात सोडू —