डाव्या कुशीवर

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मला मुलगी झाली आहे, सात महिन्यांची. आत्ता दुपारी ती झोपली आहे, जळगावच्या उन्हात सगळी गल्ली गप्प आहे. मीही झोपायला हवं होतं, पण आडवी झाले की उजवा खुबा ठणकतो, म्हणून खुर्चीतच बसले आहे.

तू सोनगीरजवळच्या आरोग्य केंद्रात सिस्टर होतीस. आजूबाजूच्या निम्म्या पोरांना पहिला हात तुझा लागलेला. आणि तुझ्याच मुलीच्या खुब्याचं हाड चोविसाव्या वर्षी रक्त न पोचल्यानं झिजलं, धुळ्याला ऑपरेशन करून धातूचा सांधा बसवावा लागला. त्यानंतरचे दोन महिने मला स्वयंपाकघरातलेच आठवतात. मी वॉकर धरून ओट्यापासून दारापर्यंत जाते, तू भाकरी थापता थापता, न बघताच म्हणतेस, "पाय ओढू नको, उचल." मी रडते. तू भाकरी उलटतेस. "रडून घे. पण उचल."

मग शिरपूरचं स्थळ आलं. माणसं चांगली होती, मुलगा मला आवडला होता. लंगडणं लपवत मी पोहे नेऊन दिले. त्या दिवशी तू गप्प बसावंस, एवढंच मला हवं होतं. तू नाही बसलीस. "मुलीचा खुबा बदललेला आहे. तिला मांडी घालून बसता येत नाही. बाळंतपण कसं होईल, ते मी आज सांगू शकत नाही." त्यांनी पोहे संपवले, पाणी प्यायले आणि गेले ते गेलेच. मी तुझ्यावर ओरडले, "दुनियेची बाळंतपणं करतेस, आणि माझंच होऊ देत नाहीस!" तू ताटल्या विसळत होतीस. म्हणालीस, "आज मी सांगितलं. नाहीतर उद्या सासरी तुला एकटीला सांगावं लागलं असतं." त्यानंतर मी तुझ्याशी कामापुरतंच बोलत राहिले. चार महिन्यांनी ड्यूटीवर तुझ्या छातीत कळ आली, आणि धुळ्याला पोचेपर्यंत तू गेली होतीस.

लग्न फार उशिरा झालं. यांना पहिल्याच भेटीत मीच सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "माझंही एक लग्न मोडलेलं आहे, तेही ऐकून घ्या." दिवस राहिले तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा पक्का आहे, फक्त पाय जास्त वाकवू नका, आत वळवू नका. शेवटचे दोन महिने काठी घेऊन चालले. कळा सुरू झाल्या तेव्हा मोठ्या डॉक्टर दुसऱ्या बाईच्या सिझरमध्ये अडकल्या होत्या. एक नवखी डॉक्टर माझे पाय पोटाकडे दाबायला लागली. मी किंचाळले, "पाय सोडा! खुबा बदललेला आहे माझा." ती दचकली. "मग डिलिव्हरी कशी करायची?" तिने हे मलाच विचारलं, आई. तेवढ्यात अमळनेरकडची एक वयस्कर आया पुढे आली. "घाबरू नको माय, मी शे ना आठे." ती इथे आहे, एवढं ऐकूनच मी श्वास सोडला. तिने मला डाव्या कुशीवर वळवलं आणि उजवा पाय दोन्ही हातांवर तोलून धरला. मोठ्या डॉक्टर आल्या, बघून म्हणाल्या, "अशीच राहू दे." तास उलटला असेल. त्या बाईने पाय खाली ठेवला नाही. मुलगी रडली तेव्हा त्या बाईचे दंड थरथरत होते.

लोकांना वाटतं, अवघड ते तिथेच संपलं. मला पाटावर बसून, पाय लांब करून मुलीला न्हाऊ घालता येत नाही. सासूबाई घालतात, मी टॉवेल घेऊन दारात उभी. ती जमिनीवर सरकत लांब गेली की तिला उचलायला मला आधी काहीतरी धरावं लागतं. असं दिवसातून कितीतरी वेळा. संध्याकाळी माझ्यात बोलायचंही त्राण उरत नाही.

परवा सासूबाई म्हणाल्या, "हिला एक भाऊ पाहिजे बरं का." मी म्हटलं, "डॉक्टरांनी दुसऱ्याला नाही म्हटलंय." त्यांनी जवळ येऊन पाठीवरून हात फिरवला. डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही, आई. उलट काही हरकत नाही म्हणाल्या. मीच दमले आहे. यांनाही हे अजून सांगितलेलं नाही.