माझ्यामागे धुऱ्याचे व शुद्ध मराठीचे काय करावे

मी, मारोतराव सखाराम लहाने, वय शहात्तर, सेवा सहकारी सोसायटीचा निवृत्त गटसचिव, राहणार मेडशी, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम, आज आपल्या हाताने, आपल्या पेनाने व आपल्या मराठीत हा कागद लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. सौभाग्यवती रंगूबाई यांचे याबाबतीत वेगळे मत असून ते विचारात घेऊ नये. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. रंगूबाई पाठीमागे उभ्या आहेत, पण त्या चाळणी शोधत आहेत.

चिरंजीव हरीओम याने वाशीमहून मृत्युपत्राचा तयार छापील नमुना आणला होता. गाळलेल्या जागी नावे भरली की काम संपले. मी तो परत केला. तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आबा, घरच्या घरीच त द्यायचं हाये. कायले एवढं सजवून लिहिता? कोनी मार्क देऊन राह्यलं का?" यावर माझे उत्तर असे की, घरच्या माणसाला वाढतानाही आपण ताट धुऊनच घेतो. घरचाच आहे म्हणून खरकट्यात वाढत नाही. हे माझे मत असून ते माझ्यामागेही कायम समजावे.

कलम १. मेडशी येथील राहते घर, पुढची सपरी म्हणजे पडवी व मागचा गुरांचा कोठा यांसह, माझ्या पश्चात रंगूबाई यांचे. त्यांच्या हयातीत कोणी भिंत पाडू नये, टाइल्स बसवू नयेत आणि 'आई, तू आमच्याकडं चाल' असा आग्रह आठ दिवसांच्या वर करू नये. त्यांच्यानंतर घर दोन्ही लेकरांत सारखे.

कलम २. बँकेतील ठेव रंगूबाईंची. कशी वापरायची ते त्यांना कळते. मला कधी कळले नाही, असे त्या आत्ताच म्हणाल्या.

कलम ३. माझा जाड शब्दकोश चिरंजीव हरीओम यास. गेल्या पोळ्याला मी घरच्या व्हॉट्सअॅप गटावर आमच्या जुन्या बैलजोडीविषयी चार परिच्छेद लिहिले. दोन दिवस जुळवत होतो. चिरंजिवांनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. अंगठा! माझा बाप जिथे तिथे अंगठा उठवून कंटाळला, म्हणून त्याने मला शाळेत घातलं, आन तू नोकरीवाला होऊन बापाले अंगठा दाखवून राह्यला? काही लाज? (शेवटचे वाक्य रागाच्या भरात उतरले आहे. खाडाखोड केल्यास कागद संशयास्पद ठरतो असे वकिलाने बजावल्यामुळे ते तसेच ठेवतो.)

कलम ४. सपरीतली आरामखुर्ची कन्या राखी हिला. ती शिरपूर जैन येथे दिलेली आहे. तिच्या निरोपांना आगा नसतो, पिछा नसतो. "आबा गोया घेतल्या का आन ते सांडशी सापडली का मायले सांगजा भाजीत मीठ कमी" असे एका दमात येते. त्यावर मी अनेकदा सूचना केल्या. तिने एकही मनावर घेतली नाही. तरीही तिचा निरोप मी दोनदा वाचतो, हे तिला सांगू नये.

कलम ५. माझ्या निधनाची बातमी देण्यासाठी फुले, समई व रडका मोर असलेले तयार चित्र कोणी गटावर टाकू नये. ज्याला दुःख झाले असेल त्याने स्वतःचे एक वाक्य लिहावे. झाले नसेल त्याने गप्प बसावे. चित्र टाकणाऱ्यास तेरवीला जेवू घालावे, पण बुंदी वाढू नये.

कलम ६. शेत, चार एकर, हरीओम व राखी यांना निम्मे निम्मे. डवरा, वखर व फवारणीचा पंप ज्याला वापरता येईल त्याला. मात्र शेताच्या पूर्वेकडचा धुरा, म्हणजे माझ्या व जगदेव पुंजाजी गोळे याच्या शेतामधला बांध, बोरीच्या झाडासह व माझ्या बाजूच्या दोन हात पट्ट्यासह, सदर जगदेव यास द्यावा.

हे वाचून घरच्यांना चक्कर येईल. म्हणून खुलासा करतो.

जगदेव आणि मी एका वर्गात, एका विहिरीत पोहायला शिकलो. त्याने मला बुडवले व त्यानेच काढले. दहा-अकरा वर्षांपूर्वी वखरताना त्याचे बैल धुऱ्यात शिरले. मी बोललो. तो म्हणाला, "जाय, काय करतं ते कर." आठ दिवस आम्ही बोललो नाही. नववा दिवस मला सोसवेना. समोर जाऊन बोलायला तोंड होईना, म्हणून मी चिठ्ठी लिहिली. ती माझ्या आयुष्यातील उत्तम लेखनापैकी आहे. "सन्माननीय महोदय, उभयतांमधील सामाईक धुऱ्यासंदर्भात उद्भवलेल्या अप्रिय प्रसंगाबाबत आपण समक्ष उपस्थित राहून योग्य तो खुलासा करावा, अन्यथा आमच्या मनास अतीव क्लेश होतील." याचा अर्थ कोणत्याही शहाण्या माणसाला कळेल की, ये बाबा, चहा पिऊ.

जगदेवला कळला नाही. चिठ्ठी घेऊन तो पहिल्या एसटीने वाशीमला गेला आणि पंधरा दिवसांत मला त्याच्या वकिलाची नोटीस आली. नोटिशीचे मराठी माझ्यापेक्षा सरस होते. त्याचा राग वेगळा. मग मीही नोटीस दिली. खटला काही उभा राहिला नाही, पण बोलणे बंद झाले ते झालेच. त्याचे दार माझ्या दारासमोर आहे. मालेगावच्या एसटीत तो पुढे बसला की मी मागे बसतो. त्याच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका त्याने दुसऱ्याकडून लिहून घेतली. गावातल्या झाडून साऱ्या पत्रिका मी लिहितो, ही एक सोडून. मजकूर भिकार होता.

मला त्याची फार आठवण येते. हे कलमात बसत नाही, पण खरे आहे. मी मेल्यावर तो तिरडीला खांदा देईल की दारातून पाहत उभा राहील, याची मला मरणापेक्षा जास्त धास्ती वाटते.

धुरा देण्याचे कारण असे की, माझ्यामागे त्याला भांडायला कोणी उरणार नाही. निदान बोरं तरी खाईल.

कलम ७. साक्षीदार दोन लागतात. पहिले पोलीस पाटील लखीराम. दुसरी सही जगदेवचीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. वकिलाला फोन केला असता ते म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याची साक्ष घेऊ नये, पुढे भानगड होते. म्हणजे धुरा द्यावा तर सही नाही, सही घ्यावी तर धुरा नाही. आणि मुळात तो यायला तर पाहिजे.

येथवर लिहून झाल्यावर लखीराम आले. पुढील हकीकत त्यांच्यासमक्ष घडली असून ती कागदात असावी अशी माझी इच्छा आहे.

मी मोबाईलवर जगदेवला निरोप लिहायला घेतला. "आदरणीय जगदेवराव, एका महत्त्वाच्या दस्तऐवजावर आपल्या बहुमोल स्वाक्षरीची नितांत आवश्यकता भासत असून" इथवर आलो तोच रंगूबाईंनी चाळणी ठेवली व खांद्यावरून वाचले.

"अजी, हे धाडलं त तो पुन्हा वकील करीन."

मी 'आदरणीय' काढून 'प्रिय' केले व 'आपल्या सवडीने' हे शब्द घातले.

"सवड कायची? समोर त राह्यते थो. निस्तं ये म्हना ना!"

मी म्हणालो, भाषेला काही रीत असते. त्या म्हणाल्या, "थे रीत ठेवा कागदात. जगदेवभाऊले कायले लावता?" लखीराम हसले. पोलीस पाटलाने असे हसणे शोभत नाही, याची येथे नोंद घ्यावी.

तेव्हा मी पुढील निरोप लिहिला व धाडला: "जगदेव, मी मारोती. मरनाचे कागद करून राह्यलो. तुयी सही पायजे. ये ना बे."

सदर मजकूर भाषेच्या दृष्टीने अत्यंत निकृष्ट आहे, हे मी पूर्ण शुद्धीवर असताना नमूद करतो.

निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आले नाही. मी पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. लखीराम पिकाचे भाव सांगू लागले, ते मी ऐकले नाही. तेवढ्यात फाटक आपटले आणि जगदेव आत आला. पायात चप्पल नव्हती, हात कणकेचे होते. हा माणूस घरी कणीक मळतो, हे मला आजवर ठाऊक नव्हते.

"काय झालं बे तुले? मरून राह्यला का?"

"नाही. मृत्युपत्र करतो आहे."

"मंग तसं लिही ना, लेका! जीव घशात आला माहा."

मी म्हणालो, तसेच लिहीत होतो, मला लिहू दिले नाही. तो खाली बसला.

"मारोती, तवा काहून नाई लिहिलं असं? तुह्या त्या कागदात 'अन्यथा' होतं. मी तीन जागी वाचून घेतलं. तिघंबी म्हने, केस होते."

"क्लेश होतील, असं होतं."

"मले क्लेश माहीत नाई. मले तू माहीत होता, आन थ्या कागदात तू नव्हता."

 माझ्या डोळ्यांत काही गेले, ते मी उपरण्याने पुसले. रंगूबाईंनी चहा ठेवला.

मग मी त्याला कलम ६ वाचून दाखवले व वकिलाची अडचण सांगितली. धुरा घे किंवा सही कर. त्याने कणकेचे हात चोळून साफ केले.

"धुरा ठेव तुयापाशी. मले कायले पायजे? पेन दे इकडं."

कलम ८. सबब कलम ६ मधील धुऱ्यासंबंधीचा मजकूर रद्द समजावा. पट्टा शेतासोबत लेकरांकडे जाईल. बोरं मात्र जगदेवने कोणालाही न विचारता तोडावीत.

कलम ९. शुद्ध भाषेबद्दलचे माझे मत कायम आहे. तथापि साक्षीदारांनी आपापली साक्ष आपल्या हाताने लिहिली असून त्यात मी काहीही दुरुस्त केलेले नाही. यासाठी मला किती कष्ट पडले, ते रंगूबाई सांगतील.

ठिकाण: मेडशी
दिनांक: ९ जानेवारी २०२५

मारोतराव सखाराम लहाने
(सही)

साक्षीदार १: मृत्युपत्र करणाऱ्यांनी आमच्यासमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष सही केली. लखीराम, पोलीस पाटील. (सही)

साक्षीदार २: मी जगदेव पुंजाजी गोळे. मारोतीनं माह्या समोर सही केली. त्याचं डोकं ठिकानावर हाये, आंधी जेवढं होतं तेवढंच. मले यातलं काही नको. हा कागद लवकर कामाले येऊ नये, एवढंच म्हननं हाये. (सही)