अंगठ्याएवढ्या बॅटरीची चाचणी

२ नोव्हेंबर

अखेर काम मिळालं! भूपेश दिवाळी करून सुरतेला परत गेला, जाताना माझ्या हातात एक बॅटरी ठेवून गेला. बॅटरी कसली — अंगठा! आत एकच सेल, तोही भिंतीवरच्या घड्याळात घालतो तेवढा. पोराच्या कारखान्यात ही नवीन निघाली आहे अन् तिची सगळी जबाबदारी त्याच्यावर. बाजारात आणायच्या आधी कुणीतरी साठ दिवस खेड्यात वापरून रिपोर्ट द्यायचा. "पप्पा, तुम्हीच करा. जे खरं असेल तेच लिहा. मालक स्वतः वाचणार आहे."

हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परिचर होतो मी. परीक्षानळ्या मी धुतल्या, स्टँड मी मांडले, स्पिरिटचा दिवा मी पेटवला — अन् प्रयोग सरांचा! मला काय, तर "नवनीत, पाणी आण." आता पहिल्यांदा एका रिपोर्टखाली माझी सही येणार. छाती फुगली आहे, खोटं कशाला बोलू.

ही वही खासगी. देव्हाऱ्याखाली पत्र्याच्या डब्यात ठेवणार. बायको जसोदा तिथं देवाशिवाय कशाला हात लावत नाही.

३ नोव्हेंबर

पद्धत ठरली. गोठ्याच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलं. समोर स्टँड — निवृत्तीच्या दिवशी शाळेनं शाल न देता हाच दिला, अन् तोही वाकडा. त्यात बॅटरी आवळून कॅलेंडरावर रोखायची. दिवेलागण झाली की मी कॅलेंडरापासून पाऊल पाऊल मागे जायचं. तारखा वाचता येईनाशा झाल्या की थांबायचं, पावलं लिहायची. आमचे विज्ञानाचे सर दर वर्षी पोरांना सांगायचे — प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जागच्या जागी. ते वाक्य पोरांपेक्षा मलाच जास्त पाठ आहे.

आज चौदा पावलं. उत्तम!

जसोदा ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. "हाई काय नवं खूळ?" म्हणाली. मग म्हणे, "तुम्ही लिखाले जा, बॅटरी मी बंद करस." बंद करायला पाच मिनिटं! फुकटचा सेल जळतो. बायकांना शास्त्राचं गांभीर्य नाही.

७ नोव्हेंबर

ओट्यावरून सात वेळा पाडली. पास. आठव्या वेळी माझ्या पायावर पडली. बॅटरी पास, अंगठा नापास.

दातांत धरली की दोन्ही हात मोकळे राहतात. फक्त बोलता येत नाही. जसोदाच्या मते हा बॅटरीचा सगळ्यात मोठा गुण आहे, रिपोर्टात पहिला लिहा.

११ नोव्हेंबर

माझी प्रयोगशाळेतली अर्धी पेन्सिल हरवली. खाटेखाली, तांदळाच्या कोठीमागं, शिवणाच्या मशीनच्या पोटात — सगळीकडे बॅटरी मारली. पेन्सिल नाही. वस्तू शोधणे — नापास!

"सापडी जाई," जसोदा म्हणाली. तिचं काय जातं.

१८ नोव्हेंबर

बारा पावलं. दोन कमी! सेल उतरला असावा. नवा घातला. तरी बाराच.

वांग्याची भाजी खारट होती. बोललो नाही. घरात शांतता ठेवायची तर काही गोष्टी वहीतच बऱ्या.

२४ नोव्हेंबर

दोष सापडला! बॅटरीच्या उजेडाभोवती रंगीत कडं पडतं, चंद्राला खळं पडतं तसं. नक्की भिंगात खोट आहे. हे भूपेशला आधी कळवू की रिपोर्टातच लिहू? रिपोर्टातच. परीक्षकानं मध्येच फुटू नये.

लक्ष देऊन पाहिलं तर हल्ली मोटारसायकलींच्या दिव्यांभोवतीही तसंच कडं दिसतं. एसटीच्या दिव्यांनाही. सगळ्या कंपन्या एकाच ठिकाणाहून भिंगं घेत असणार. काय हा कारभार!

६ डिसेंबर

शेजारच्या हिलालबरोबर सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. घोडा घ्यायची त्याची ऐपत नाही, पण घोड्याचे दात मोजायची हौस दांडगी. दर वर्षी मोजतो. या वर्षी माझी बॅटरी घेऊन मोजले. एका पांढऱ्या घोडीच्या तोंडात बॅटरी धरून "सहा... सात..." करत होता, तेवढ्यात घोडी फुरफुरली अन् बॅटरी पाण्याच्या बादलीत! मालक शिव्या घालायला लागला. मी बादलीत वाकून बघतो तर ती तळाशी मजेत चालू! पाण्याची चाचणी — पास. हिलाल म्हणे, "देखं? मन्हामुळे व्हयनी." याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.

पाव किलो जिलेबी खाल्ली. मला साखर आहे. जसोदाला कळता कामा नये.

१२ डिसेंबर

दहा पावलं! सेल घेऊन तडक कय्युमच्या दुकानी गेलो. विजेच्या सामानाचं दुकान त्याचं, बापाच्या वेळेपासून. "सेल भिकार देतोस," मी म्हणालो. बिचारा लाल झाला. "काका, सीलबंद माल है, तुम्हारे सामने फोडा." त्यानं बॅटरी माझ्या डोळ्यासमोर स्वतःच्या तळहाताखाली लावली. "देखो, हाथ आरपार लाल! इतनी रोशनी में तो सुई में धागा जाए." मग माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाला, "काका, एक बात बोलू? बुरा मत मानना —"

"नको बोलू," मी म्हणालो. दुकानदाराच्या तोंडून शास्त्र ऐकायचे दिवस आले नाहीत अजून. दुसऱ्या कंपनीचा सेल घेऊन आलो.

त्यानंही दहाच.

२० डिसेंबर

नऊ.

कॅलेंडर जुनं म्हणून शाई उडाली असेल, असं वाटून शेजारून त्यांचं आणलं. नऊच. भिंत बदलली. नऊ.

जसोदा ताटावर म्हणाली, "डोये दखाडा एकदाव." दसऱ्यापासून हेच पालुपद! मी ताट सरकवून उठलो. प्रयोग बॅटरीचा चाललाय, माझा नाही.

३० डिसेंबर

आठ.

काय करू? खरं लिहिलं तर रिपोर्टात येणार — साठ दिवसांत उजेड निम्मा, भिंग सदोष, बॅटरी नापास. अन् बॅटरी कुणाची? माझ्या पोराची! मालक वाचेल अन् भूपेशला उभं करेल. खोटं लिहिलं तर एकतीस वर्षांत एकदाच मिळालेली सही खोट्याखाली जाईल. दुपारी भाकरी गोड लागली नाही.

भूपेशचा फोन आला होता. "कशी आहे बॅटरी, पप्पा?" मी म्हणालो, "थंडी फार आहे इकडे."

१ जानेवारी

रिपोर्ट लिहिला. नापास. पाकिटात घालून वर पत्ताही घातला. मग खाली डोकं धरून बसलो.

संध्याकाळी हिलाल उगाच आला. उगाच म्हणजे तंबाखू मागायला. मी शेवटचं माप घेत होतो — आठ. तो चुना चोळत म्हणाला, "मी बी देखू का?" हिलाल! सातवीत दोनदा बसलेला हिलाल! देख म्हटलं.

आठवर उभा राहिला अन् सगळं धडाधड वाचलं. मागे गेला. दहा. बारा. "पाठ केलंस," मी म्हणालो. मार्चचं पान काढलं, काठी ठेवीन ती तारीख सांग म्हटलं. चौदा. पंधरा. बरोबर! सोळाव्या पावलाला शेणात पाय गेला, तरी शेणात उभं राहून म्हणतो, "तेवीस. अन् वर लाल शाईमा काहीतरी सण शे." लाल शाई मला स्टँडापाशी उभा राहूनही दिसत नव्हती.

हिलाल पाय धुवायला गेला. मी तिथंच उभा. सेल बदलला होता, कॅलेंडर बदललं होतं, भिंत बदलली होती. बघणारा मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता.

भीती वाटली. लिहून टाकतो. माझ्या बापाचे डोळे असेच गेले होते, शेवटी मला आवाजावरून ओळखायचा. म्हणून जसोदानं डोळ्यांचं नाव काढलं की मी खेकसतो. पाकीट चुलीत घातलं. पण मग रिपोर्टात लिहायचं काय? साठ दिवसांची मापं सगळी फुकट! बॅटरीची एकही नाही, सगळी माझ्या डोळ्यांची.

३ जानेवारी

नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा चांगलाच पिकलाय. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यात बॅटरी मारली — मोठी, तीन सेलांची. कडं तिलाही होतं.

"नीट दिसायला लागेल," म्हणाले. जसोदानं मला विचारलंही नाही, तारीख ठरवून टाकली.

१६ जानेवारी

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यानं लिहितोय, ओळ डोंगर चढतेय. भूपेशला सगळं खरं सांगितलं. आधी हसला, मग म्हणाला, "रिपोर्ट राहू द्या, पप्पा. डोळा सांभाळा." राहू द्या! तो मोठ्या मनानं बोलला अन् मला जास्तच लागलं.

२५ जानेवारी

आज उजव्या डोळ्यानं पहिल्यांदा ही वही उघडली.

समासात पेन्सिल आहे! प्रत्येक पानावर. फिकट, बारीक. माझ्या अर्ध्या पेन्सिलीची.

३ नोव्हेंबर — मी १७. ७ नोव्हेंबर — मी १७. १८ नोव्हेंबर — जुना सेल १५, नवा सेल १७. खारट व्हती तं दोन येळ कशी खादी? ६ डिसेंबर — मी १७. सदरावर पाकना डाग व्हता, मीच धोया. २० डिसेंबर — मी १७, तुम्ही ९. माले भ्याव वाटस. ३० डिसेंबर — मी १७. हिलालभाऊले सांगेल शे, परवा संध्याकाये तंबाखूना निमित्तखाल या.

साठच्या साठ दिवस! एकही खाडा नाही. सरांनाही असा तक्ता कधी जमला नव्हता.

दुपारी बसून रिपोर्ट नवा लिहिला. तिचीच मापं. बॅटरी पास. खाली लिहिलं — चाचणी घेणार : सौ. जसोदा. परिचर : नवनीत. रिपोर्ट तिच्यापुढं ठेवला, पेन दिलं. तिनं मिरच्यांचे हात पदराला पुसले अन् सावकाश सही केली.

मग म्हणाली, "जरा पानी लई या."

आणलं.