पाठीच्या अस्तरातलं पान

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
भिंगरीचा शि. सा. न.

तुझं पत्र परवा आलं. एकदा चहाच्या सुट्टीत वाचलं, एकदा खोलीवर येऊन. पहिल्यांदा वाटलं तू माझ्यावर चिडलीस. दुसऱ्यांदा कळलं की जगावर चिडलीस, मी नुसता वाटेत आलो.

सातवी नापास माणसाला जेवढं कळतं तेवढं असं. जुन्या विहिरींच्या पाण्यावरचा तुझा निबंध छापणाऱ्यांनी तिसऱ्यांदा परत धाडला. सगळा निबंध ज्या एका वाक्यावर उभा आहे ते वाक्य, 'विहिरी पावसावाचून आटत नाहीत, उपशाने आटतात', शंभर वर्षांपूर्वीच्या एका मुख्य अभियंत्याचं आहे. तुमच्या सरांनी ते त्यांच्या मोठ्या पुस्तकात घेतलं, आणि सरांचं बघून बाकीच्यांनी घेतलं. एकजण पान २१४ म्हणतो, दुसरा २४१, तिसरा पानाचं नावच काढत नाही. आता तपासणारे विचारतात, मूळ पुस्तक डोळ्यांनी पाहिलंय कुणी? मला हसू आलं. आपल्या गल्लीतल्या मारामाऱ्या सगळ्यांनी पाहिलेल्या असायच्या, आणि विचारायला गेलं की सगळ्यांनी न्हाव्याकडून ऐकलेलं निघायचं.

तर पुस्तक आहे. तुझं नशीब म्हण, ग्रंथालयाच्या कोठारातून ते आधीच आमच्या बांधणी विभागात आलंय, पाठ मोडली म्हणून. ढिगात एकतिसावं आहे आणि आमचे उस्ताद ढीग वरूनच संपवतात, मधलं काढू देत नाहीत. मी नुसतं उघडून बघितलं. २१४ बरोबर आहे. वाक्य आहे, शब्दाला शब्द. झालं तुझं काम.

एक गोष्ट खुपली ती सांगतो, मग तू आणि तुमचे सर बघा. १६० पानांपर्यंत कागद जाड आहे, कापडासारखा. पुढे एकदम पातळ, दुमडला तर तुटेल असा. आणि पुढच्या पानांवरचे आकडे छापलेले नाहीत, वरच्या कोपऱ्यात शिक्क्याने मारलेत. एका पुस्तकाला दोन कागद लावतात का गं?

आईला सांग, चौदा महिने झाले, अजून याच नोकरीत आहे. तिने पैज लावली असेल तर हरली. माया पातळ करू नकोस.

तुझा,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अ. उ. आ.

पान सापडलं हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. पाच वर्षांत प्रथमच, असं म्हण. मग पुढचा परिच्छेद वाचला आणि पुन्हा सरळ बसले. तुला लहानपणापासून ही खोड आहे, काम झालं की त्यात काडी घालायची.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले की छापखान्यातला कागद संपला असेल, त्या काळी होत असे, उगाच नसत्या भानगडीत पडू नको. बरोबरच असेल. २८ तारखेपर्यंत निबंध सरांच्या सहीने गेला पाहिजे. तो छापून आल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत, आणि प्रबंधाची मुदत जूनमध्ये संपते. ती गेली की पाच वर्षं वाहून गेली. कॉलेजातली जागा तोवर माझ्यासाठी थांबणार नाही.

संदर्भांची यादी मी चौथ्यांदा टंकते आहे. एकशे बारा नोंदी. तुला वाटेल यात काय एवढं. नियम तसा दोन ओळींचा आहे. दुसऱ्याचं घेतलं तर कुणाचं, कुठून, कितव्या पानावरून ते सांगायचं. आणि स्वतः पाहिलं असेल तरच पाहिलं म्हणायचं. तेवढ्यासाठी माझे डोळे गेले आहेत.

आई बरी आहे. तुझ्या चौदा महिन्यांवर तिचा विश्वास बसलेला नाही.

पान मिळालं, तेवढं पुरे. पुस्तकाला हात लावू नकोस. तरी, तुझ्या नजरेला आणखी काही पडलंच, तर कळव. तुझ्यावर जीव आहे, तो गृहीत धर.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

हात लावू नको म्हणालीस आणि पुढच्याच ओळीत लाव म्हणालीस. मी दुसरी ओळ धरली.

काल उस्ताद दात काढायला गेले होते. मी ढिगातून ते पुस्तक काढलं आणि पाठ उसवली. सांगतो ते नीट वाच, कारण हे मला येतं आणि तुला येत नाही.

पुस्तक शिवताना घडीत टोच्याने भोकं पाडतात आणि त्यातून दोरा नेतात. पातळ कागदाच्या घड्यांना भोकांच्या दोन रांगा आहेत. एकीत दोरा आहे, दुसरी रिकामी. म्हणजे तो भाग आधी कधीतरी वेगळा शिवलेला होता, नंतर उसवून जाड पुस्तकाच्या मागे जोडला. हे एक पुस्तक नाही, दोन आहेत. शिक्क्याचे आकडे नंतर मारले, पुढच्याला जुळावेत म्हणून.

मग दुसऱ्याचं पहिलं पान कुठे गेलं? आमच्यात पाठीला आतून अस्तर लावतात, खळीने चिकटवून, आणि त्याला कुणी कोरा कागद वाया घालवत नाही. मधेच आलेलं नावाचं पान वाईट दिसतं, ते काढायचं आणि अस्तराला वापरायचं. मी ओलं फडकं अर्धा तास ठेवलं आणि अस्तर सोडवलं. छापलेलं निघालं. वर लिहिलंय, 'विहिरींच्या पाण्याच्या मोजणीचा अहवाल', खाली 'लिहिणार, मोजणी खात्यातील दुय्यम कारकून', आणि त्याचं नाव. नाव मी पातळ कागदावर गिरवून सोबत पाठवतोय. एक अक्षर खळीने खाल्लंय, पण ओळखू येतं. त्याखाली बारीक अक्षरात आहे की अकरा वर्षं दोर सोडून चारशे विहिरी मोजल्या.

तुझं वाक्य या कारकुनाचं आहे, ताई. अभियंत्याचं नाही. पुढच्या जाड भागात मी शोधलं, बोट ठेवून ठेवून, दोन जेवणाच्या सुट्ट्या गेल्या. पान ९०. अभियंता म्हणतो विहिरी पाऊस कमी झाल्यामुळे आटतात. म्हणजे सरांनी ज्याला साक्षीला उभा केला तो उलट बाजूचा निघाला.

उस्तादांना अजून माहीत नाही. पुस्तक दोन पुठ्ठ्यांत दाबून ढिगात परत ठेवलंय. रागावशील, पण फार वेळ रागावू नकोस.

तुझा,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रागावले होते, काल दुपारपर्यंत. मग तू गिरवलेला कागद घेऊन सरांकडे गेले.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच त्या वाक्यावर आहे, त्याचं नाव 'अभियंत्याची साक्ष'. तीस वर्षं ते पुस्तक शिकवलं जातं. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले की मूळ अहवाल त्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्या गुरुजींच्या टिपणातून ते वाक्य आणि पान उतरवून घेतलं होतं. तुमच्या ग्रंथालयापर्यंत जायला दोन दिवस लागतात, तेव्हा जमलं नाही, नंतर गरज वाटली नाही. मग म्हणाले की जुन्या संदर्भाचा निबंध आणलास तर आज सही करतो. नव्याचं मला बघावं लागेल. कागद टेबलावर ठेवून जायला सांगितलं.

नियतकालिकाच्या संपादकांनाही विचारलं. त्यांचं म्हणणं, घरातल्या पत्रावर संदर्भ बदलता येत नाही. पान कुठे सापडलं, कुणी काढलं, याची ग्रंथालयाच्या दप्तरी नोंद हवी. म्हणजे तू उस्तादांना सांगायला हवंस. आणि तू न विचारता पाठ उसवली आहेस.

ते मी तुला करायला सांगणार नाही. चार नोकऱ्या सोडून पाचवीत टिकला आहेस. खरं सांगू, मी जुनाच पाठवावा म्हणते. पान २१४ खोटं नाही. वाक्य तिथे आहे. बाकीच्यांनी तीस वर्षं तेच केलं, मी आणखी एक. थकले रे. यादीत त्या अभियंत्याचं नाव टंकताना हात अडतो, पण हाताला काय, सवय होईल.

काळजी घे. तू जवळ असतास तर भांडले तरी असते.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

सांगितलं.

सकाळी उस्ताद खळ शिजवत होते, तेव्हाच सांगून टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेगडी बंद केली, हात धुतले, पुस्तक मागितलं. भोकांच्या रांगा बघितल्या, अस्तराचं पान उजेडाला धरलं. मला म्हणाले की शोधलंस चांगलं, आणि केलंस वाईट, आणि एकाने दुसरं पुसत नाही. मग कामाची वही काढली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं. कुठलं पान, कुठे सापडलं, कुणी काढलं, कुठल्या तारखेला. शेवटी लिहिलं, 'परवानगीशिवाय'. मी म्हटलं तेवढं वगळता येईल का. ते म्हणाले की जसं झालं तसंच लिहिलं जाईल, नाहीतर वरचं तरी कोण खरं मानेल.

ग्रंथपालांनी सही केली, शिक्का मारला. नक्कल सोबत आहे, संपादकांना दे. माझं काय करायचं ते पुढल्या सोमवारी ठरवणार. तोवर माझी सुरी काढून घेतलीय. मी झाडतो.

आता तू जुना निबंध पाठवलास तर मी फुकट झाडतोय असं होईल, हे एक. दुसरं, तो कारकून अकरा वर्षं विहिरींच्या काठावर ओणवा होऊन दोर सोडत होता, आणि आमच्यातल्याच कुणीतरी त्याचं नाव उलटं करून खळीत चिकटवलं. ते आमचं पाप आहे. पुन्हा वर तुम्ही शिकलेल्यांनी त्याचं वाक्य त्याच्याच साहेबाला देऊन टाकलं. तू म्हणालीस सवय होईल. होईल. मला पण मागे प्रत्येक वाईट कामाची व्हायला लागली होती, म्हणून पळत सुटायचो.

सरांना काय सांगायचं ते मला कळत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मला पण तोंड लपवावंसं वाटलं असतं. आईला यातलं काही सांगू नकोस, ती पैज जिंकल्यासारखं करेल. तुझ्या मायेत थोडी जागा ठेव.

तुझा,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी नक्कल २७ला मिळाली. जुना निबंध पाकिटात घालून, पत्ता लिहून तयार होता. मी पाकीट फोडलं.

नवा संदर्भ घालून सरांकडे नेला. २८ला ते विभागात आलेच नाहीत. एक मार्चलाही नाही. मुदत गेली. मी तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जायला निघाले होते, तर तेच विभागाच्या जिन्यावर बसलेले दिसले, हातात माझा निबंध. जिना चढताना दम लागला म्हणाले.

मी तळटिपेत सांभाळून लिहिलं होतं की 'पूर्वीच्या काही अभ्यासकांच्या लेखनात हे वाक्य चुकीने अभियंत्याच्या नावे दिलेले आढळते'. सरांनी 'पूर्वीच्या काही अभ्यासकांच्या' यावर रेघ मारली होती आणि वर स्वतःचं नाव लिहिलं होतं, पुस्तकाचं नाव, पान १. खाली सही. म्हणाले की संदर्भ असा मोघम देऊ नये, हे मी तुला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

निबंध आता पुढच्या अंकात, सप्टेंबरात. सरांनी मुदतवाढीचा अर्ज स्वतः लिहून नेला आणि सहा महिने मिळाले. कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. म्हणजे आणखी एक वर्ष हीच खोली, हेच टंकणं. वाईट वाटलं, पण झोप लागली.

तुझं काय ठरलं? आईला मी सांगितलं. तिने तुझं पत्र माझ्याकडून मागून घेतलं आणि स्वतःच्या कपाटात ठेवलं. लवकर लिही, मी वाट बघते आहे.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

ठेवलं मला. सुरी मात्र सहा महिने मिळणार नाही. तोवर खळ शिजवायची आणि शिवायचं, कापायचं काही नाही. एका जागी उभं राहून तासभर ढवळत राहायचं, ही शिक्षा कुणी माझी पत्रिका बघून काढली असेल. संध्याकाळी हात उचलत नाही.

पहिलं काम उस्तादांनी तेच दिलं. दोन्ही भाग वेगळे शिवले. अभियंत्याचा जाड झाला, कारकुनाचा आपला बोटाएवढा. त्याचं नावाचं पान धुऊन, मागून पातळ कागद लावून पुढे बसवलं.

काल दुपारी वाचनकक्षातून चिठ्ठी आली, दोन्ही पुस्तकं एकदम मागवलेली. ने-आण करणारा रजेवर, म्हणून मीच घेऊन गेलो. खिडकीजवळ एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पायाशी प्रवासाची पिशवी, शर्ट चुरगळलेला. चिठ्ठीवरचं तुमच्या सरांचं नाव वाचलं आणि मी पुस्तकं ठेवून तिथेच घुटमळलो.

कारकुनाचं पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून घेतलं. बोट ठेवून वाचत होते, माझ्यासारखं. कक्ष बंद व्हायच्या वेळी मी पुस्तकं परत न्यायला गेलो तेव्हा शेवटच्या काही पानांवर होते. त्यांनी मला विचारलं की हे वेगळं कुणी शिवलं, त्या माणसाला भेटता येईल का. मी म्हटलं मीच. ते माझ्याकडे बघत राहिले. तुझा भाऊ आहे हे मी सांगितलं नाही, पण नाक आपलं एकच आहे, कळलं असावं.

त्यांनी वही काढली आणि माझं पूर्ण नाव विचारलं, भिंगरी नव्हे, खरं. लिहिलं. मग विचारलं की पाठ कुठल्या तारखेला उसवली. मी म्हटलं पंधरा फेब्रुवारी, आणि परवानगी नव्हती. तेही लिहून घेतलं, आणि वही माझ्यापुढे केली, बरोबर आहे का बघायला.

बरोबर होतं. लोभ असू दे, मी इथेच आहे.

तुझा,
भिंगरी